जॉनी सेक्स्टन खरंच 'उशिरा' आला का? (आयरिश रग्बी, अकादमी आणि आमचा भाचा)

मामा_बोलतोय

नमस्कार मंडळी,

रग्बीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. बहीण आणि मेहुणे बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहेत, भाचा तिथेच वाढला. आता एकोणीस पूर्ण. शाळेच्या संघातून चांगला खेळायचा, म्हणजे ताई फोनवर तसं सांगायची. गेल्या महिन्यात प्रांताच्या अकादमीची (तिथे व्यावसायिक खेळाडू घडवतात म्हणे) यादी लागली आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. तेव्हापासून घरात सुतक पाळल्यासारखं आहे.

ताई म्हणते, झालं तेवढं पुरे, आता डिग्रीकडे बघ. मेहुण्यांचं एकच पालुपद: "जॉनी सेक्स्टनला तरी चोवीस वर्षांपर्यंत कोण विचारत होतं?" भाच्याने खोलीच्या भिंतीवर त्याच सेक्स्टनचा, आयर्लंडच्या त्या नावाजलेल्या रग्बीपटूचा, फोटो लावलाय. दोघंही मला विचारतात, कारण मी मोठा. मला काय डोंबल माहीत!

तर जाणकारांना दोन प्रश्न. एक, हे चोवीस वर्षांचं खरं आहे का? शाळा संपल्यापासून तोवर हा माणूस करत काय होता? दोन, अकादमीत नाव नाही म्हणजे दार कायमचं बंद, असं असतं का?

पाचवा_फेज

खरं आहे आणि नाहीही. २००९ च्या हायनेकेन कपच्या, म्हणजे तेव्हाच्या युरोपियन क्लब कपच्या, उपांत्य सामन्यात लेन्स्टरच्या (डब्लिनचा प्रांत) फेलिपे कॉन्तेपोमीचा गुडघा गेला आणि सेक्स्टन आत आला. तो गुडघा शाबूत राहिला असता तर सेक्स्टन हे नाव आज किती जणांना माहीत असतं, देव जाणे. नशीब, दुसरं काय. भाच्याला सांगा अभ्यास कर.

टेम्पलओगकर

पाचवा_फेज, गुडघ्याची गोष्ट खरी, पण ती शेवटून सुरू केलीत. मामासाहेब, जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मी २००६ पासून डब्लिनमध्ये आहे, रुग्णालयात एक्स-रे काढायचं काम. पहिली काही वर्षं टेम्पलओगला भाड्याने राहत होतो आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर टेम्पलव्हिल रोडवर सेंट मेरीज कॉलेज क्लबचं मैदान. शनिवारी दुपारी ड्यूटी नसली की जायचो. रग्बी समजते म्हणून नव्हे. नवीन गावात शनिवार दुपार फार लांबते म्हणून. कडेला दोन-अडीचशे माणसं, त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक, आणि वारा असा की चहा कपात असतानाच गार.

त्या क्लबचा दहा नंबर म्हणजे सेक्स्टन. आता इथे मोह होतो की सांगावं, 'मी तेव्हाच ओळखलं होतं'. टेम्पलओगमध्ये आज ज्याला त्याला ते आठवतं. मला खरंच आठवत नाही. चिखलात माखलेली तीस पोरं, त्यातलं कोण कोण होतं हे मला तेव्हा कळतच नव्हतं. ज्या शनिवारी मी गेलो त्यातल्या एखाद्या सामन्यात तो असेलही. तो पुढे इतका मोठा झाल्यावर मी क्लबचे जुने कार्यक्रमपत्रक शोधायला घर उलथंपालथं केलं. एकही सापडलं नाही. बायकोने रद्दीत घातले असावेत.

आता तुमचा पहिला प्रश्न. चोवीस वर्षांपर्यंत कुणी विचारत नव्हतं, हे मेहुण्यांचं म्हणणं चूक. त्याचा जन्म जुलै १९८५ चा. रॅथमाइन्सच्या सेंट मेरीज शाळेत होता. २००२ मध्ये लेन्स्टर स्कूल्स सीनियर कपच्या अंतिम सामन्यात बेल्व्हेडिअर शाळेविरुद्ध त्याने ड्रॉप गोल मारला (चेंडू हातातून टाकून उसळताच खांबांमधून लाथेने मारायचा), तेव्हा वय सोळा. इथे तो कप म्हणजे काय प्रकरण असतं हे बाहेरच्याला समजायला वेळ लागतो. शाळाशाळांची पोरं पट्टेरी मफलर घालून घसा बसेपर्यंत ओरडतात, माजी विद्यार्थी पन्नाशीतही त्यावर भांडतात. त्या सामन्यात गोल मारणाऱ्या पोराचं नाव प्रांताच्या लोकांना माहीत नसणं शक्यच नाही. जानेवारी २००६ मध्ये स्कॉटलंडच्या बॉर्डर रीव्हर्सविरुद्ध लेन्स्टरच्या मुख्य संघातून पहिला सामना. वय वीस.

म्हणजे दार वीसाव्या वर्षी उघडलेलं होतं. तो उंबरठ्यावर उभा होता, आणि पुढची तीन वर्षं तिथेच उभा राहिला. माझ्या मते त्याच्या सुरुवातीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दलच कुणी बोलत नाही.

का उभा राहिला? कारण त्याची जागा. आउट-हाफ, म्हणजे दहा नंबर, हा एकच असतो. चेंडू पहिल्यांदा त्याच्याकडे येतो, पुढे पास द्यायचा की लाथेने लांब मारायचा हे तो ठरवतो, बहुतेक वेळा पेनल्टीही, म्हणजे समोरच्यांच्या चुकीमुळे मिळणारी किक, तोच मारतो. इतर जागांवर तरुण पोराला शेवटची वीस मिनिटं आत सोडून बघता येतं. दहा नंबर बदलणं म्हणजे धावत्या गाडीचा ड्रायव्हर बदलणं, कोच जिवावर आल्याशिवाय करत नाही. त्यातून लेन्स्टरचा दहा नंबर कोण, तर कॉन्तेपोमी. अर्जेंटिनाचा, २००७ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातला, आणि वर डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधून डॉक्टर झालेला. (आमच्या क्षेत्रातला म्हणून मला त्याचं जास्तच कौतुक.) २००८ मध्ये फिजीचा इसा नासेवा आला, तर प्रशिक्षक मायकेल चेका कधी त्याला दहावर खेळवायचे. म्हणजे सेक्स्टन पुढे सरकायच्या ऐवजी तिसरा झाला. तेविसाव्या वर्षी. सगळे मित्र नोकरीला लागलेले असताना हा शनिवारी टेम्पलव्हिल रोडवर अडीचशे माणसांसमोर.

पण बघा, तो खेळत होता. बाकावर बसून पाणी देत नव्हता. क्लबकडून पूर्ण ऐंशी मिनिटं, निर्णय त्याचे, चुकाही त्याच्याच. ऑल-आयर्लंड लीग, म्हणजे या क्लबांची देशभरची स्पर्धा, ही नुसती हौशी पोरांची मौज नाही. सेंट मेरीजने ती २००० साली जिंकली तेव्हा मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताबाहेरचा तो पहिलाच विजेता क्लब, इतकी वर्षं लिमरिक-कॉर्कवाल्यांनी कुणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं. तिथे दहा नंबर चुकला तर समोरचा फॉरवर्ड छातीवर येऊन बसतो.

आता तो गुडघा. २ मे २००९, शनिवार. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर, प्रेक्षक ८२,२०८, क्लब रग्बीचा तेव्हाचा जागतिक विक्रम. मी ड्यूटीवर. वॉर्डातून एका आजोबांना एक्स-रेला आणायचं होतं, लिमरिककडचे, पक्के मन्स्टरवाले. ते टीव्ही सोडून यायला तयार नाहीत. सिस्टर म्हणाल्या राहू दे मध्यंतरापर्यंत. मीही थांबलो, कबूल करतो.

मन्स्टर तेव्हा गतविजेते. कॉन्तेपोमी लंगडत बाहेर गेला तेव्हा आजोबा मला म्हणाले, "झालं तुमचं लेन्स्टर." हा बदली आला तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. आणि त्या पोराच्या वाट्याला आल्याआल्या काय आलं असेल, तर पेनल्टी. अंग गरम नाही, ब्याऐंशी हजार माणसं, निम्मी लाल कपड्यात. त्याने चेंडू ठेवला, मागे सरकला आणि मारला. आत. आजोबांनी काही न बोलता पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

थोड्याच वेळात लेन्स्टरच्या गॉर्डन डार्सीची ट्राय झाली (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) आणि सेक्स्टन धावत जाऊन जमिनीवर पडलेल्या रोनन ओ'गाराच्या अंगावर ओरडला. ओ'गारा म्हणजे आयर्लंडचा दहा नंबर, मन्स्टरचा देव. तो फोटो अजून फिरतो. सेक्स्टनला पुढे त्याचा खेद वाटला. मला मात्र त्या ओरडण्यात तीन वर्षं साठलेली दिसतात. सामना २५-६. तीन ट्राय, त्यानंतर मिळणाऱ्या किकपैकी (कन्व्हर्जन) दोनच आत गेल्या, म्हणजे सगळंच सोन्याचं नव्हतं. आजोबांचा एक्स-रे मध्यंतराऐवजी सामना संपल्यावर झाला.

तीन आठवड्यांनी एडिनबराला मरेफिल्डवर अंतिम सामना, इंग्लंडच्या लेस्टर टायगर्सविरुद्ध. सेक्स्टनचे ११ गुण. त्यात जवळपास मैदानाच्या मध्यातून मारलेला एक ड्रॉप गोल आणि शेवटच्या दहा-बारा मिनिटांत विजयी पेनल्टी. १९-१६. लेन्स्टरचा पहिला युरोपियन कप. नोव्हेंबरमध्ये आयर्लंडकडून पहिला सामना, फिजीविरुद्ध डब्लिनच्या आरडीएस मैदानावर, ४१-६, सातपैकी सात किक आत. पुढच्याच आठवड्यात क्रोक पार्कला दक्षिण आफ्रिका, तेव्हाचे विश्वविजेते: १५-१०, आणि पंधराच्या पंधरा गुण त्याचे, पाच पेनल्टी. ओ'गारा त्या दिवशी बाकावर.

मेहुण्यांचं 'चोवीस' बहुधा इथून आलं. आयर्लंडची जर्सी चोवीसाव्या वर्षी. तेवढं बरोबर.

आणि पाचवा_फेज, कॉन्तेपोमीचं त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या तूलाँ क्लबला जायचं आधीच ठरलं होतं. गुडघा गेला नसता तरी सप्टेंबरात दहाची जागा रिकामी होणारच होती. नशिबाने चार महिने आधी बोलावलं, इतकंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता येणार नाही, कारण सेक्स्टनचं उदाहरण त्याला लागूच होत नाही. भाचा कोणत्या जागी खेळतो ते लिहिलं नाहीत. त्यावर बरंच अवलंबून आहे.

पाचवा_फेज

तूलाँचं माहीत नव्हतं. 'दुसरं काय' मागे घेतो, 'नशीब' ठेवतो.

जमाखर्च

टेम्पलओगकर, प्रतिसाद आवडला. मी डब्लिनला हिशेबनिशी करतो, म्हणून कोरडा भाग माझ्याकडून.

आयर्लंडमध्ये व्यावसायिक संघ चारच: लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट. चारही शेवटी आयरिश रग्बी युनियनच्या छत्राखाली. त्यामुळे शिडी एकच. आधी सब-अकादमी, मग अकादमी, मग डेव्हलपमेंट करार, मग प्रांताचा पूर्ण करार, आणि अगदी वरच्या मोजक्यांना युनियनचा थेट केंद्रीय करार. इंग्लंड-फ्रान्ससारखं 'इथे नाही तर शेजारच्या गावात' असं चालत नाही, कारण शेजारचं गाव फक्त तीन आहेत. अकादमीत असतानाही पोरं शनिवारी आपापल्या क्लबकडूनच खेळतात, त्यामुळे अकादमीतलं पोर आणि बाहेरचं पोर एकाच चिखलात असतात. निवडणारेही तिथे येतात.

अवांतर: इथला खेळाडू आयर्लंडचा रहिवासी म्हणून निवृत्त झाला तर दहा वर्षांच्या खेळाच्या कमाईवर चाळीस टक्के वजावट मागता येते, २००२ पासूनची तरतूद. परदेशी क्लबची मोठी रक्कम नाकारून लोक घरी का राहतात, त्याचं एक कारण भावनेचं आणि एक हे. सेक्स्टन मात्र २०१३ ला पॅरिसच्या रासिंगला गेला होता आणि दोन वर्षांनी परतला. आणि तिथे प्रशिक्षकांच्या ताफ्यात कोण? ओ'गारा! ज्याच्या अंगावर ओरडला तोच.

मृण्मयी_के

मामा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला खरं उदाहरण टाइग बर्न. (लिहितात वेगळंच, उच्चार असा.) किल्डेअरचा, क्लोंगोव्स वुड शाळा, लेन्स्टरची अकादमी, शनिवारी लॅन्सडाउन क्लब. सगळं पाठ्यपुस्तकासारखं. आणि २०१६ ला लेन्स्टरने त्याला सोडून दिलं. चोवीस वर्षांचा, मुख्य संघाकडून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने. वेल्सच्या स्कार्लेट्सने घेतला. पहिल्याच हंगामात स्कार्लेट्स प्रो-१२ चे (आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटलीच्या संघांची लीग) विजेते. उपांत्य सामन्यात डब्लिनला जाऊन लेन्स्टरला हरवलं आणि अंतिम सामन्यात मन्स्टरविरुद्ध बर्नची ट्राय. २०१८ ला तो मन्स्टरला आला, त्याच जूनमध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर आयर्लंडकडून पहिला सामना. पुढे २०२१ आणि २०२५ अशा दोन लायन्स (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ) दौऱ्यांवर.

टेम्पलओगकर, एक तक्रार आहे तुमच्या प्रतिसादाबद्दल. सेक्स्टन हा 'वाट पाहणारा' म्हणताना तो कुठे उभा राहून वाट पाहत होता तेही सांगा. सेंट मेरीज ही फी भरून जायची शाळा. काका विली सेक्स्टन मन्स्टर आणि आयर्लंडकडून खेळलेला. अशा घरात तेविसाव्या वर्षी 'अजून एक वर्ष बघू' म्हणता येतं. सगळ्यांना नाही म्हणता येत.

टेम्पलओगकर

मान्य. पूर्ण मान्य. मी लिहिताना ते गाळलं, कारण आवडत्या माणसाबद्दल लिहिताना माणूस असं गाळतो. फक्त एवढंच जोडतो की त्या शाळांबाहेरूनही येतात: शॉन ओब्रायन कार्लोतल्या टलो गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, २०११ चा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. पण ते मोजके, हे खरंच.

बाय द वे, विली सेक्स्टनचं घराणं लिस्टोवेलचं, म्हणजे केरी, म्हणजे मन्स्टर. त्या आजोबांना हे तेव्हा माहीत असतं तर त्यांनी पांघरूण थोडं खाली घेतलं असतं.

मामा_बोलतोय

सगळ्यांचे आभार. सगळं ताईला वाचून दाखवलं. बर्नचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आता वेल्सला पण पाठवायचं?" मेहुण्यांना 'चोवीस'चा खुलासा केला, ते दोन मिनिटं गप्प होते, जे आमच्याकडे दुर्मिळ आहे.

भाच्याशी स्वतंत्र बोललो. त्याचं म्हणणं, क्लबच्या दुसऱ्या संघात घेतलंय, मंगळवार-गुरुवार सराव, कॉलेज सुरू ठेवणार आहे. हे त्याने आईबाबांना सांगितलंच नव्हतं कारण 'ते विचारत नाहीत, फक्त भांडतात'.

टेम्पलओगकर, जागा विचारली होतीत. विचारून घेतली. टाइटहेड प्रॉप. तीन नंबरची जर्सी.

टेम्पलओगकर

अहो मामा! तीन नंबर!! आणि मी तुम्हाला दहा नंबरच्या रांगेवर निबंध लिहून दिला. भिंतीवर सेक्स्टनचा फोटो लावणारा प्रॉप मी पहिल्यांदाच ऐकतोय.

सगळं नव्याने. टाइटहेड म्हणजे स्क्रमचा, दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून ढकलतात त्या घोळक्याचा, उजवा खांब. समोरच्या दोघांचं वजन त्याच्या मानेवर आणि पाठीवर येतं. ती ताकद आणि ती चलाखी यायला वर्षं लागतात, एकोणीसाव्या वर्षी कुणाकडेच नसते. टाइग फर्लाँगसारखा बावीसाव्या वर्षी आयर्लंडकडून खेळणारा अपवाद. माइक रॉसचं वाचा. कॉर्कचा, १९७९ चा जन्म, कॉर्क कॉन्स्टिट्यूशन क्लबकडून खेळायचा, डिग्री घेतलेली. मन्स्टरमध्ये जम बसला नाही, २००६ ला लंडनच्या हार्लेक्विन्सला गेला, २००९ ला लेन्स्टरने आणला. सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेतला पहिला सामना २०११ मध्ये, एकतिसाव्या वर्षी. त्याच मे महिन्यात कार्डिफला इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनविरुद्ध युरोपियन कपचा अंतिम सामना. पहिल्या अर्ध्यात लेन्स्टरचा स्क्रम पार चेपला गेला, मध्यंतराला २२-६ ने मागे. दुसऱ्या अर्ध्यात तोच स्क्रम उभा राहिला आणि सामना ३३-२२ ने जिंकला. सेक्स्टनचे २८ गुण सगळ्यांना पाठ आहेत. पण स्क्रम मागेच सरकत राहिला असता तर त्याला चेंडू मिळाला असता कुठून?

ताईंना सांगा, डिग्री घ्यायला भरपूर वेळ आहे. आणि मानेचे व्यायाम कोण शिकवतंय ते विचारा, आमच्याकडे एक्स-रेला येणारी तरुण मंडळी फार वाढलीत.

मामा_बोलतोय

विचारलं. म्हणतोय, क्लबचा एक जुना प्रॉप आहे, पंचेचाळीसचा, अजून तिसऱ्या संघातून खेळतो, तो शिकवतो. शनिवारी अडीचला सामना आहे, मेहुणे बघायला जाणार आहेत. फोटो मात्र काढणार नाही म्हणाला.

पाचवा_फेज

रॉसचा फोटो लावायला सांगा. शेजारी लावला तरी चालेल.